टेम्पो आला नाही

सातपूरला, टायरचं दुकान आणि झेरॉक्सच्या मधल्या गाळ्यात
आहे हॉटेल भरती.
सहा टेबलं पंख्याखाली, सातवं मोरीजवळ,
तिथे कोणी बसत नाही.
भिंतीवर समुद्राचा फोटो, उन्हानं उडालेला,
लाटा पार पिवळ्या,
होडी तेवढी निळी.

मी बुधवारी जाते.
घरी चालत नाही, हे कारण बरीच वर्षं सांगितलं.
आता घरात विचारणारं कोणी नाही,
तरी बुधवारीच जाते.

केळुसकरांना मी वेंगुर्ल्याबद्दल कधी विचारलं नाही.
ते सांगतातच.
फिटर म्हणून इथे आले, कारखान्याला टाळं लागलं,
तेव्हा हेमांगीताई म्हणाल्या,
माका रांधूक येता, तुमका काय येता?
यावर ते अजून हसतात,
दर वेळी तेवढंच.

मासे रात्री निघतात मुंबईहून, टेम्पोत, बर्फाच्या भुश्यात.
कसारा चढेपर्यंत बर्फाचं पाणी होतं,
इगतपुरीपासून ते गळायला लागतं.
म्हणजे तिथून आमच्या सिग्नलपर्यंत
समुद्राची एक बारीक रेघ
रोज पडते, आणि दहाच्या आत वाळते.

त्या बुधवारी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
घाट बंद. मासे नाहीत.
खाली, लहान अक्षरात: बसा तरी.

बसलो.
दोन ड्रायव्हर, औषध कंपनीचा एक टाय सैल केलेला मुलगा,
आणि ते निवृत्त जोडपं, जे एकच सुरमई मागवतं
आणि शेपटीकडचा तुकडा कोणी घ्यायचा यावरून
हळू आवाजात भांडतं.
काळ्या वाटाण्याची आमटी आली, आंबोळ्या आल्या.
टायवाल्यानं विचारलं, निदान सुकट?
आतून उत्तर आलं,
सुकट सरली. वायच धीर धर.

मग मागच्या दारानं तुळशीराम भोये आला,
दोन दिवसांच्या सुट्टीवरून, पेठेच्या एसटीनं,
खांद्यावर ओलं पोतं.
पोत्यात खुडबुड.
भाताच्या बांधावरचे खेकडे, काळपट,
चिखल अजून पायांना.

भोयेच्या दाखल्यावर जात लिहिली आहे कोकणा.
केळुसकर त्याला गाववाले म्हणतात, गमतीनं.
त्यानं समुद्र पाहिलेला नाही.
एकदा फोटो पुसताना त्यानं मला विचारलं होतं,
ताई, हा पलीकडे कुठं संपतो?
मी म्हटलं, माहीत नाही,
आणि बिल मागितलं.
ते बिल मला बरेच दिवस टोचलं.

हेमांगीताईंनी एक खेकडा उताणा करून पाहिला.
गोड्या पाण्याचे मरे हे.
मग वाटण. मग त्रिफळं, ठेचून.
मग मीठ.
तळहातावर रस्सा घेऊन चाखलं,
पुन्हा मीठ.
पुन्हा चाखलं. आणखी वायच.

नंतर कोणी बोललं नाही.
फक्त नांग्या फुटण्याचा आवाज,
आणि त्या काकू, ज्यांनी पहिल्यांदाच
नवऱ्याला न विचारता वाटी पुढे केली.

केळुसकरांनी भोयेला हाताला धरून बसवलं,
सातव्या टेबलावर.
तो सावकाश जेवला. पेंदा चोखला,
रस्सा भाताला लावला, बोटं पाहिली.
म्हणाला, आमच्याकडं असं नाही लागत.
बरं की वाईट, ते सांगितलं नाही.

बिलात खेकडे लावलेले नव्हते.
परतताना पूल लागला.
ही नदी जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला जाते,
चौथीत शिकवलं होतं,
आणि मी बाईंना विचारलं होतं, का?
बाई म्हणाल्या होत्या, उतार तिकडे आहे.
हँडलला हाताचा वास लागला होता.

गुरुवारी पुन्हा गेले, वार न पाहता.
टेम्पो आला होता.
फळ्यावर भाव होते, बाकी काही नाही.
सुरमई घेतली. ताजी होती.
मीठ जरा कमी वाटलं.